छापील अंगरखा

लोजाने पिशवीतून अंगरखा काढला, तेव्हा मीशू सासूच्या, आमाच्या, ओल्या केसांतून फणी फिरवत होती. देह धुऊन झाला होता. आता शेवटचे कपडे तेवढे चढवायचे होते.

कापड चकचकीत होतं. पाठीवरचे लाल-निळे त्रिकोण शिवलेले नव्हते. छापलेले होते.

"हा कुठला?"

"बाजारातला. दिसतो तर तसाच."

"आणि आमाने स्वतःसाठी शिवून ठेवला होता तो?"

तिच्या नवऱ्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग हळूहळू बाहेर आलं. भातकापणी झाल्यावर शहरातली एक बाई आली होती, जुनं भरतकाम गोळा करणारी. तिने अंगरख्याचे मोजलेल्या पैशांतूनच दारातली नवी मोटारसायकल आली होती.

"ती काचेच्या कपाटात ठेवणार आहे," तो पुटपुटला. "इथे मातीत कुजलाच असता ना?"

"कुजण्यासाठीच शिवला होता तिने! स्वतःबरोबर!"

देह धुवायला आलेली शेजारची म्हातारी आपी चुलीत थुंकली. "या असल्या कपड्यात गेली, तर वाडवडील तिला ओळखायचे नाहीत. दारातच अडवतील. मग सांगायला जा हो, मोटारसायकलवरून!"

मीशूने पाठीवरचं झोळणं सोडलं. झोपलेलं बाळ आपीच्या मांडीवर ठेवलं आणि अंगातला अंगरखा उतरवला. लग्नाआधी, पोरगी असताना, टाका टाका घालून तिने तो शिवला होता. हाताने शिवलेला असा तिच्याकडे तो एकच होता.

"आपी, सुनेच्या हातचं चालेल?"

"घरच्या हातचं आहे. ओळखतील."

दोघींनी मिळून आमाचे ताठरलेले हात बाह्यांत घातले. मीशूने कॉलर सारखी केली, वरून एकदा हात फिरवला. लोजाने सुटकेचा श्वास सोडला. तो तिला ऐकू गेला, आणि तिच्या कानशिलांत रक्त चढलं.

"आणि तुला?" त्याने विचारलं. "तुझ्या वेळेला काय घालायचं?"

मीशूने टोपलीतून निळीत रंगवलेलं कापड काढलं. सुई-दोऱ्यासकट त्याच्या पुढ्यात टाकलं.

"तू शिवशील ते."

"मी? हे बायकांचं काम आहे!"

"आणि विकायचं काम कुणाचं होतं?"

लोजा आईच्या उशाशी बसला. त्याने सुई उजेडात धरली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

आमाची नजर अधू झाल्यापासून त्या विकलेल्या अंगरख्यासाठीची प्रत्येक सुई त्यानेच तर ओवून दिली होती.