मतदाराची सही

सूतगिरणीतल्या त्या मुलीच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. पत्र टेबलाच्या तळच्या खणात होतं. आज आवराआवर करताना ते बायकोच्या हाती लागलं.

"अहो, हे ठेवायचं की रद्दीत?"

"इकडे दे."

मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आणावं का, हे ठरवायला तेव्हा सरकारनं समिती नेमली होती. गिरणीच्या वसतिगृहातल्या त्रेचाळीस मुलींनी निवेदन लिहून नेलं, पण कारकुनानं ते परत केलं. त्यावर निदान एका मतदाराची सही हवी होती, आणि त्यांच्यात एकवीस पूर्ण झालेली एकही नव्हती. 'मुकादमांना विचारलं, तर ते म्हणाले आधी नाक पुसायला शिका,' मुलीनं लिहिलं होतं. 'चौदाव्या वर्षी कामाला जुंपताना मात्र आम्ही मोठ्या होतो. पुस्तक देताना तुम्ही आम्हांला अहोजाहो करता, म्हणून तुम्हांला विचारते. निवेदन सोबत आहे. सही करून महिनाअखेरीच्या आत पाठवा.'

ग्रंथपालांच्या मनात नाही म्हणायचं नव्हतं. फक्त निवेदनाची भाषा त्यांना जरा कच्ची वाटली. समितीवर विद्वान माणसं. पोरींचं हसं व्हायला नको. त्यांनी पेन्सिलीनं एक वाक्य सुधारलं, मग दुसरं, मग आपलीच सुधारणा चुकली असं वाटून ती खोडली. शिवाय आपली सही ती काय, तिला विचारतो कोण? महिना सरला.

पुढच्या वर्षी समितीचा अहवाल ग्रंथालयात आला. शिक्का मारून, क्रमांक घालून त्यांनीच तो कपाटात लावला. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर छापलं होतं: 'तरुणांकडून एकही निवेदन आले नाही. सबब त्यांना या विषयात स्वारस्य दिसत नाही.' वय अठरावर आलं ते त्यानंतर सतरा वर्षांनी. तोवर गिरणीला टाळं लागलं होतं आणि त्या मुली कुठल्या कुठे पांगल्या होत्या.

आता ग्रंथपालांनी खोडरबर घेतलं. पत्रासोबतच्या निवेदनावरची आपली सगळी पेन्सिल पुसून काढली आणि खाली सही केली. बायको बघत होती.

"वरातीमागून घोडं! आपली नात अठराची झाली, पण मतदानाच्या दिवशी अकरापर्यंत लोळत होती. कुणासाठी हे?"

वेगळ्या कागदावर त्यांनी दिलगिरीचं एक वाक्य लिहिलं, फाडलं. शेवटी लिहिलं: 'सही करून पाठवत आहे.'

टपाल कचेरीतल्या मुलीनं पाकीट उलटसुलट पाहिलं.

"आजोबा, गिरणीचं वसतिगृह कधीच पाडलं. तिथे आता गाड्या लावतात."

"माहीत आहे हो मला."

"मग हे परत येणार. आणि मागे तुमचा पत्ताच नाही. विसरलात वाटतं?"

"नाही, विसरलो नाही."

मागून कुणीतरी "चला, आटपा" म्हणालं. मुलीनं शिक्का उचलून पाकिटावर आजची तारीख उमटवली आणि ते पोत्यात टाकलं.