कानामात्रा

जुन्या कुलपांचं प्रदर्शन अकरा गावांत फिरणार होतं, आणि त्याची पत्रकं, पोस्टरं छापायला जाण्याआधी तपासायचं काम संग्रहालयातल्या मुद्रितशोधक बाईंकडे होतं. साहेबांच्या मजकुरातल्या ‘दुर्मिळ’ची पहिली वेलांटी त्यांनी दुसरी केली, एवढंच. साहेबांनी भर बैठकीत तो कागद त्यांच्या अंगावर भिरकावला.

“बाई, तुम्हाला इथं अक्कल पाजळायला ठेवलेलं नाही! मी लिहीन तेच छापायचं. कानामात्रेचाही फरक झाला, तर उद्यापासून घरी बसा.”

सगळे खाली माना घालून बसले. बाईंनी खाली पडलेला कागद स्वतःच उचलला.

दोन दिवसांनी पोस्टरचा मजकूर आला, साहेबांच्याच अक्षरात. कुलपं शोधायला वणवण केली होती सहा जणांनी, पण तळाला ‘संकल्पना’ म्हणून नाव होतं साहेबांचं एकट्याचं. आणि त्या नावाआधीच्या ‘के.’वर घाईघाईत एकाऐवजी दोन मात्रा पडल्या होत्या. ‘कै.’

बाईंचं लाल पेन तिथं थबकलं. पण साहेबांच्या कानामात्रेला हात लावायची त्यांची काय बिशाद! त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद छापखान्यात धाडला.



पहिल्या गावात साहेब उद्घाटनाला दहा मिनिटं उशिरा पोचले, तेव्हा अख्खं सभागृह त्यांनाच श्रद्धांजली वाहायला खाली माना घालून उभं होतं.