टेबलाखालची जागा

घुमी बोलायला लागली आणि समितीतल्या चौघांनी हातातली पेनं खाली ठेवली.

तिचं खरं नाव वेगळं होतं. पण घरात, शाळेत, जिन्यात सगळे तिला घुमीच म्हणायचे, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती कुणाशी अवाक्षर बोलत नसे. नाव मागे राहिलं आणि पोरगी पुढे निघून गेली. आता ती लांबलचक टेबलाच्या टोकाशी उभी राहून, हातवारे करत, जंगलातल्या शिबिराची गोष्ट सांगत होती. शिबिर घेणारी ताई शेजारच्या खुर्चीत बसून कौतुकानं ऐकत होती.

ताई दर मोठ्या सुट्टीत अशाच मुलांना गावाबाहेरच्या जंगलात घेऊन जाई. घराबाहेर न पडणारी, पाहुणा दिसला की आत पळणारी मुलं. तंबू ठोकायचे, ओढा ओलांडायचा, खडकावर चढायचं, एवढाच कार्यक्रम. पण मुलं बोलती होऊन परत येत. त्यांना फुकट नेणं जमत होतं ते ही समिती नेमणाऱ्या संस्थेच्या अनुदानावर. यंदा संस्थेनं कळवलं, नुसता अर्ज चालणार नाही, एखादं मूल आम्हाला भेटवा. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही. ताईनं घुमीला आणलं. घुमीही एका पायावर तयार झाली, कारण यंदा तिच्या धाकट्या भावाची पाळी होती. त्याची पिशवी तिनं आधीच भरून ठेवली होती.

"पहिल्या दिवशी सगळे ओढ्यावर गेले," घुमी सांगत होती, "आणि मी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसले. ताई वाकून आत शिरली. तिचं डोकं आपटलं, टण्णकन. मला वाटलं, आता ही विचारणार, काय झालं, का रडतेस. सगळे तेच विचारतात. तर ही म्हणते, सरक जरा. आणि बसली की माझ्याशेजारी, मान वाकडी करून. कितीतरी वेळ बसली. शेवटी मलाच दया आली. म्हटलं, ताई, चल बाहेर, तुझी मान मोडेल."

समितीत हशा पिकला. अध्यक्षबाईंनी हसता हसता डोळे पुसले. एक चष्मेवाले सभासद म्हणाले, ही आपल्या सगळ्यांना बाजारात विकून येईल. घुमी खुलली. अध्यक्षबाईंनी तिला बिस्किटांचा पुडा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं.

"पोरगी गोड आहे हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण आमचा पैसा बुजऱ्या मुलांसाठी आहे. हिला शिबिराची काय गरज?"

ताईला आधी ती थट्टाच वाटली. मग तिनं सांगितलं, की टेबलाखालची ती मुलगी हीच. चष्मेवाले समजुतीनं हसले. टेबलाखाली बसणारी मुलं असं रंगवून सांगत नाहीत, म्हणाले. तेव्हाचा एखादा फोटो आहे का, व्हिडिओ? ताईकडे काहीच नव्हतं. रडणाऱ्या मुलाचा फोटो काढायचा नाही, हा तिच्या शिबिराचा पहिला नियम होता. त्याचा तिला अभिमान होता, आणि आज तोच गळ्याशी आला होता.

सांगण्यासारखं आणखी एक होतं. शिबिरातल्या पहिल्या रात्रीचं, ओल्या झालेल्या अंथरुणाचं. ते ऐकून त्यांची खात्री पटली असती. पण दार पातळ होतं. पलीकडून बिस्किटांचा कागद फाडल्याचा आवाज येत होता. ताईनं तोंडाशी आलेले शब्द गिळले.

"तिचा भाऊ तसाच आहे, मॅडम. यंदा त्याला न्यायचंय."

"मग त्यालाच आणायचं ना."

"तो घराबाहेर येत नाही. म्हणून तर न्यायचंय."

अध्यक्षबाईंना खरंच वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण न पाहिलेल्या मुलासाठी शिफारस करायची नाही, असं वरून ठरलेलं होतं, आणि पुढची मंडळी खोळंबली होती. त्यांनी अर्जावर सही न करताच पेनाला टोपण लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ताई उठली. ही आज जरा कमी बोलली असती तर, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्याच मनाची तिला लाज वाटली.

घुमी बाहेरच्या पायऱ्यांपाशी वाट बघत उभी होती. अर्धा पुडा तिनं भावासाठी गुंडाळून ठेवला होता.

"मिळालं ना?" ती म्हणाली. "सगळे हसले तेव्हाच मी ओळखलं. ताई, काल धाकट्यानं विचारलं, तिथे टेबल आहे का. मी सांगितलं, आहे, आणि चांगलं मोठं आहे. दोघं मावतात."

ताई पायरीवर बसली. या पोरीला तिनं बोलायला शिकवलं होतं, आणि आता ताईच्याच तोंडातून शब्द फुटत नव्हता. नाही म्हणावं तर जीभ रेटेना. थाप मारावी तर ते शिबिरात कधी केलं नव्हतं. पिशवी भरलेल्या त्या मुलाला आता कुणी काय सांगायचं, हेही तिला कळेना.

घुमीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचा प्रश्न तिनं विचारलाच नाही. पुडा खिशात टाकला आणि पायरीपाशी आली.

"ताई," ती म्हणाली, "सरक जरा."