नऊपैकी दोन

“दोन? नऊपैकी दोन? बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

चव बघायच्या खोलीचं दार तिनं पायानंच ढकललं. फळ्यांचा आडोसा केलेल्या तीन नंबरच्या कप्प्यात, रंग कळू नये म्हणून लावलेल्या लाल दिव्याखाली तिचे वडील अजून बसलेले होते, कोमट पाण्यानं सावकाश चूळ भरत. बाकीचे चाखणारे केव्हाच निघून गेले होते. हे आपले निवांत. तिच्या डोक्यात सणकच गेली.

“हळू बोल. पलीकडे माणसं आहेत.”

“असू देत! पलीकडेच आत्ता निकाल वाचला त्यांनी. सगळ्यांनी पाच दिलेत, सहा दिलेत. आणि तीन नंबरनं दोन. तुमच्या एकट्याच्या पायी सरासरी खाली घसरली. गेलं माझं रताळं!”

रताळ्याचं हे नवं वाण तिचं. सात वर्षं तिनं संशोधन केंद्राच्या वाफ्यांत वेलांचे छाटे लावले, उपटले, पुन्हा लावले, आणि कंद पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याला अजिबात दाद न देणारं एक रताळं काढलं. आज ते चवीत पास झालं असतं तर थेट शेतकऱ्यांच्या शेतात गेलं असतं. नापास, म्हणजे सोमवारी सगळे वेल उपटायचे आणि ती जमीन शेजारच्या टेबलावर कोनफळाचं वाण काढत बसलेल्या कोनफळवाल्याला. तो मेला तर मघापासूनच तिच्या वाफ्यांभोवती घिरट्या घालत होता.

आणि यातली खरी लबाडी हिचीच, बरं का. सकाळी एका चाखणारीला सर्दी झाली, तेव्हा हिनंच माहेरी फोन लावून वडिलांना बोलावून घेतलं. नात्यातलं माणूस चालत नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. पण लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुणाला काय कळतंय! ‘ओळखीचे गृहस्थ आहेत’ म्हणून तिनं त्यांना बसवून टाकलं. घरचं एक मत खिशात, एवढाच हिशेब. तो असा अंगावर आला.

“बशीवर नाव नसतं,” ती जरा सबुरीनं म्हणाली. “नुसता आकडा असतो. तुम्ही दुसऱ्या कुणाचं समजलात ना? तसं सांगा, मी आत्ता जाऊन बोलते त्यांच्याशी.”

“दुसऱ्या कुणाचं कशाला समजेन? पहिल्या घासालाच ओळखलं. सात वर्षं पिशव्या भरून पाठवतेस, घरात दुसरं शिजलंय काय?”

“ओळखलंत? ओळखून दोन दिलेत?”

“मग? प्रामाणिकपणे गुण द्या म्हणून पाटी कोणी लावलीय इथे? मी?”

“तुम्हाला कशाला बोलावलं होतं, एवढंही कळलं नाही तुम्हाला?”

“कळलं.” आता म्हाताराही तापला. “कळलं म्हणूनच माझं टाळकं फिरलं. बापच तो, मान डोलावेल आणि जाईल घरी. काय समजलीस काय तू मला?”

“मग घरी का नाही बोललात कधी?”

“घरी तुझी आई डोळे वटारून बसते. पोरगी उन्हातान्हात राबतेय, निमूट गिळा! गिळलं. ठसका लागून जीव जायची वेळ आली, तरी ‘छान झालंय’ म्हटलं. अजून काय करू?”

“सात वर्षं, बाबा! एक भुंगा लागत नाही त्याला. एक!”

“कसा लागेल? भुंग्याला जीभ आहे!”

तिनं कप्प्याच्या फळीवर अशी काही मूठ आपटली की मांडून ठेवलेल्या बशा खडखडल्या. वडील दचकले, पण गप्प बसले नाहीत.

“तो तोंड लावत नाही आणि तू माणसांना खायला घालायला निघालीस. ह्या बाकीच्यांचं सोड. नखाएवढी फोड खाल्ली, पाच दिले, सुटले. तू कधी पोटभर खाल्लंयस?”

“रोज चाखते मी!”

“चाखतेस आणि थुंकतेस. जेवलीस कधी?”

ती तरातरा बशा आत सरकवायच्या खिडकीपाशी गेली. ताटात उकडलेली रताळी उरली होती. त्यातलं चांगलं मोठं उचललं, नखांनीच सोललं आणि वडिलांकडे रोखून बघत भलामोठा लचका तोडला. चावायला लागली. चावत राहिली. घास या गालातून त्या गालात गेला, खाली काही उतरेना. नुसत्या दोऱ्या. कोरडाठाक गोळा टाळूला चिकटून बसला आणि मागून कडवट चव वर आली. तिनं हट्टानं दुसरा लचका तोडला, वर तिसरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती जबडा हलवतच होती.

शेवटी ती बेसिनवर वाकली आणि सगळं थुंकली. नळ सोडला, खळाखळा चुळा भरल्या.

“आता तू दे गुण,” वडील म्हणाले. आवाज खाली आला होता. “स्वतःचं नाही असं समजून दे.”

ती वळली. बाहीनं तोंड पुसलं.

“एक,” ती खेकसली. “एक! झालं समाधान?”

“कसलं समाधान, पोरी?” म्हातारा गुडघ्यांवर हात रोवून उठला. “मीसुद्धा एकच लिहिला होता. मग तुझा चेहरा आठवला आणि खोडून दोन केले.”