ध्रुवावरचे ढग

सातपूरला छायाबाईंच्या घरी रविवारची शिकवणी चालू होती. त्यांचा मुलगा शेखर उत्तर ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रात होता. पाच रविवार त्याचा फोन आला नव्हता.

"तिथे खूप उंचावर विद्युतभारित वायूचे दाट ढग सरकतात. त्यांत रेडिओसंदेश अडखळतात," बाई म्हणाल्या.

"पाच आठवडे हलतच नाहीत का ते?" योगिनीने विचारलं.

निकिताने तिला कोपराने ढोसलं. ढगांचा आलेख वाचायला निकिताला बाईंनीच शिकवलं होतं. ती कधी चुकत नसे. मोबाईलवर तो आलेख बघून ती म्हणाली, "आज तर लय ढग आहेत, बाई. दादाचा फोन लागतच नसेल."

बाईंनी तो आलेख सकाळपासून चारदा पाहिला होता. ढग एकही नव्हता.

"अगदी बरोबर वाचलंस," बाई म्हणाल्या.