डाव्या हाताची झीज

शेजारचा शिंपी जुन्या बाजारात घेतलेला तोच वस्तरा पुन्हा घेऊन आला, आणि धारवाल्याचं डोकंच फिरलं.

"दोनदा घासून सरळ करून दिलाय! लाकडं तासता की काय याने?"

"अहो, दाढीच करतो," शिंपी वरमून म्हणाला.

धारवाल्याने पातं उजेडात धरलं. ते पुन्हा टोकाकडे, पुन्हा त्याच बाजूने झिजलं होतं. डावखुऱ्याच्या हातात झिजतं तसं. आणि शिंपी तर उजव्या हाताने कात्री चालवणारा! माझ्या कामाला नावं ठेवायला हा मुद्दाम खोड्या काढतोय, असं धारवाल्याच्या मनाने घेतलं.

त्याने वस्तरा तिसऱ्यांदा घासला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि आरशासमोर बसून स्वतःच्याच गालांना साबण फासला.

"आता बघाच! दोष धारेचा की वापरणाऱ्याचा, होऊन जाऊ दे निकाल!"

पातं असं फिरलं की गालाला पत्ताच लागला नाही. शिंप्याला बोल लावता लावता एक बाजू साफसुद्धा झाली. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, डाव्या हाताने कशाला करताय?"

धारवाल्याने खाली पाहिलं. उजव्या हातात नुसता ब्रश होता. आता मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वस्तरा ठेवायला तो हात खाली घेऊ लागला. हात खाली आला नाही.

"अरे, हात माझा आहे!" तो ओरडला.

डाव्या हाताने, कुणा दुसऱ्याच्याच जुन्या सवयीने, पात्यावरचा फेस मनगटावर पुसला आणि पातं अलगद गळ्याला लावलं.