दोन गिटारी, एकच सूर

औरंगपुऱ्यातल्या त्या वाद्यवृंदात गायक कुणीच नव्हता. जुनी गाणी दोन स्टील गिटारीच म्हणायच्या. एक वैजनाथरावांची, दुसरी श्रीरंगरावांची. दोघं इतके एकजीव वाजवायचे की कुठला सूर कुणाचा, हे ऐकणाऱ्याला कळायचंच नाही.

हल्ली वैजनाथरावांचा हात थरथरायला लागला होता. तारांवरून फिरवायची स्टीलची कांडी जरा हलली की सूर भलतीकडंच जायचा. हे घरात बोलायची सोय नव्हती आणि श्रीरंगला सांगायची तर त्याहून नव्हती. इतक्या वर्षांची जोडी तुटली तर? म्हणून चिकलठाण्याच्या कार्यक्रमात त्यांनी हळूच आपल्या गिटारीवरचं बटण फिरवून तिचा आवाज पूर्ण बंद करून टाकला. हात नुसता फिरवायचा, बाकी श्रीरंग आहेच.

पडदा सरकला. तबल्यानं ठेका धरला. गिटारींची जागा आली, आणि तबला एकटाच वाजत राहिला.

पुढच्या रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. वैजनाथरावांनी भीत भीत शेजारी पाहिलं. श्रीरंगरावांची कांडी तारांवरून झोकात फिरत होती, चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.



"वैजू, आवाज वाढव की," ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "मी तर तुझ्याच भरवशावर माझा बंद ठेवलाय रे."